दळीत होते आणि दळलें

मराठी घरांत रोज घडणारी एक गोष्ट पाहावी. माजघरांतून हांक येते, "पानें वाढलीं आहेत." ओसरीवरून उत्तर जातें, "आलोंच!" उत्तर देणारे गृहस्थ अद्याप बैठकीवरून उठलेलेही नसतात, हातांतील वर्तमानपत्राचा रकाना अर्धा राहिलेला असतो, तरी क्रियापद मात्र सरळ भूतकाळाचें. याबद्दल त्यांच्यावर खोटें बोलल्याचा आरोप कोणी करीत नाहीं. (आमटी निवूं लागली म्हणजे गोष्ट निराळी.) मूल उंबरठ्यावर डगमगलें कीं आजी ओरडते, "पडलें, पडलें!" आणि तेवढ्यांत आईनें त्यास वरचेवर उचललेलें असतें, मूल पडलेलें नसतेंच. वळणावर गाडीचा दिवा दिसला कीं सारा फलाट "गाडी आली" म्हणून सामान उचलूं लागतो.

निकटच्या भविष्यकाळाबद्दल कधीं कधीं भूतकाळ योजतात, असें एक वाक्य लिहून शाळेंतलें व्याकरण येथून पुढें निघून जातें. आम्हांस मात्र येथें अंमळ थांबावेंसें वाटतें. "आलोंच" म्हणणारानें येण्याची क्रिया मनांत पुरी करून टाकलेली असते, आणि ऐकणारासही तो पाटावर बसलेलाच दिसतो. म्हणजे घटना केव्हां घडली एवढेंच सांगून क्रियापदाचें रूप थांबत नाहीं. ती कितपत उरकली, आणि आपण ती आंत उभें राहून पाहावयाची कीं पलीकडे जाऊन, हेंही तेंच ठरवितें. पहिल्या गोष्टीस काळ म्हणतात. दुसरीस अलीकडचे भाषाशास्त्रज्ञ क्रियाव्याप्ति म्हणतात. 'विनायकराव देवळांत गेले', 'विनायकराव देवळांत जात होते', 'विनायकराव देवळांत गेले होते' आणि 'विनायकराव देवळांत जात' हीं चारही वाक्यें भूतकाळाचींच. पण पहिलें ऐकतांच विनायकराव गाभाऱ्यासमोर उभे दिसतात. दुसऱ्यानें रस्ता दिसतो, हातांतलें तबक आणि पायांतल्या वहाणाही दिसतात. तिसऱ्यानें घरांतली त्यांची रिकामी जागा दिसते. त्यांना भेटावयास कोणी तरी येऊन परत गेलेलें असावें. चौथ्यानें कोणताच एक दिवस दिसत नाहीं. शेकडों सकाळी मिळून झालेले एक विनायकराव दिसतात.

हा केवळ आमच्या कल्पनेचा खेळ नव्हे. गेल्या पंचवीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं या चित्रांचीं मापें घेतलीं आहेत. कॅरल मॅडन व मूळचे डच असलेले रॉल्फ झ्वान यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना इंग्रजी वाक्यें दिलीं. कांहीं 'केलें' या धर्तीचीं, कांहीं 'करीत होता' या धर्तीचीं. बरोबर दोन चित्रें दाखविलीं. एकांत काम चाललेलें, दुसऱ्यांत तें पुरें झालेलें. 'केलें' वाचणारांनीं पुऱ्या झालेल्या कामाचें चित्र अधिक वेळां निवडलें. 'करीत होता' वाचणारांची मात्र कोणत्याच एका चित्रावर एकवाक्यता होईना. ज्यानें त्यानें क्रियेचा आपापला क्षण धरला असावा. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें शिर्डीस गेल्यावर तिचा उपयोग आहे. टॉड फेरेटी, मार्टा कुटास व केन मॅक्रे यांना २००७ सालीं असें आढळलें कीं, क्रिया चालली होती असें सांगणाऱ्या रूपानंतर ती जेथें चालते त्या स्थळाचें नांव मनांत अधिक तत्परतेनें उभें राहतें; होऊन गेली होती असें सांगणाऱ्या रूपानंतर तसें होत नाहीं. आणि २०११ सालीं केटलिन फॉसी व टीनी मॅटलॉक यांनीं एका काल्पनिक पुढाऱ्याची हकीकत दोन तऱ्हांनीं लिहून लोकांपुढें ठेवली. एकींत त्यानें गैरमार्गाचा पैसा 'घेतला', दुसरींत तो तसा पैसा 'घेत होता'. दुसरी वाचणारांना तो पुन्हां निवडून येणार नाहीं असें अधिक खात्रीनें वाटलें, आणि पैशाच्या रकमेबद्दलचा त्यांचा अंदाजही मोठा निघाला. निवडणुकीच्या दिवसांत सभेंतलीं भाषणें ऐकणारांनीं याचा विचार करण्यासारखा आहे.

डच भाषेची गोष्ट याहून मौजेची. चाललेली क्रिया सांगावयाची तर इंग्रजींत विशिष्ट रूप वापरणें भागच पडतें. डचांत तें बोलणाराच्या खुषीवर आहे. साध्या वर्तमानानें 'तो वाचतो' म्हटलें तरी काम भागतें, अथवा 'आन हेट' हे दोन शब्द घालून 'तो वाचण्याच्या कामीं आहे' अशा धर्तीची रचना करतां येते. विणणें, रंगविणें, बांधणें अशा कामांना ही रचना सहज लागते. 'तो गांवाकडे चालला आहे' असें सांगतांना मात्र डच मनुष्य ती योजण्यास नाखूष असतो. शिवाय त्याच्याजवळ आणखी एक रीत आहे. वाचणारा बसलेला असेल तर तो 'झिट ते लेझन' म्हणतो, म्हणजे अक्षरशः 'वाचीत बसला आहे'. उभा असेल तर उभें राहण्याचें क्रियापद जोडतो, आडवा असेल तर पडून असण्याचें. मराठी वाचकास येथें घरच्या माणसाची भेट झाल्यासारखें वाटेल. आपणही 'रडत बसली', 'बोलत उभे राहिले', 'आढ्याकडे पाहत पडला' असेंच म्हणतों. आणि आपल्या 'रडत बसली' यांत तर बसण्यापेक्षां वेळ लावण्याचाच अर्थ अधिक.

या सोयी-गैरसोयींचा नजरेवर परिणाम होतो काय, हें पाहण्यासाठीं हायडेलबर्ग येथील क्रिस्टियाने फोन श्टुटरहाइम यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरनिराळ्या भाषांच्या लोकांना लहान लहान चलच्चित्रें दाखविलीं आणि त्यांचे डोळे कोठें फिरतात तें यंत्रानें टिपलें. कोणी तरी एका घराच्या दिशेनें चालला आहे, पण पोंचलेला नाहीं, असें चित्र असलें कीं जर्मन मनुष्य घराचा उल्लेख करतो व त्याची नजरही घराकडे अधिक जाते. कारण चालू क्रियेसाठीं त्याच्या भाषेंत बांधीव रूप नाहीं, तो घटनेचा शेवट शोधतो. इंग्रज किंवा अरब मनुष्य 'रस्त्यानें चालला आहे' एवढ्यावर समाधान मानतो. मोनिक फ्लेकन यांनीं २०११ सालीं डच व जर्मन या दोन्ही भाषा लहानपणापासून बोलणाऱ्यांवर याच रीतीचें संशोधन प्रसिद्ध केलें. यावरून भाषा माणसाचें मन दावणीस बांधते असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल, असें आम्हांस वाटतें. जर्मन मनुष्यास रस्ता दिसत नाहीं असें नव्हे. प्रथम पाहण्याची त्याची संवय निराळी एवढेंच.

युरोपांत हा विषय आतां यंत्रांपर्यंत आला. आपल्याकडे त्याची चर्चा फार जुनी आहे. यास्कांनीं निरुक्ताच्या आरंभींच सांगून ठेवलें आहे कीं, आख्यात हें क्रियेला आरंभापासून शेवटापर्यंत क्रमानें चाललेली दाखवितें, आणि तीच क्रिया थिजून मूर्त झाली म्हणजे तिचें नाम होतें. पतंजलींचें म्हणणें असें कीं, क्रिया ही एखाद्या गोळ्यासारखी बोटानें दाखवितां येत नाहीं, तिचें अनुमानच करावें लागतें. वैयाकरणांचें आवडतें उदाहरण भाताचें: चुलीवर भांडें चढविणें, पाणी ओतणें, तांदूळ वैरणें, जाळ मागें-पुढें करणें. हे सारे व्यापार एक होतो तों दुसरा नाहींसा होतो, सर्व मिळून एका वेळीं कधींच समोर नसतात. त्यांना गोळा करून 'शिजविते' हें एक नांव देणारी आपली बुद्धि, असें भर्तृहरींनीं वाक्यपदीयांत मांडलें. पाणिनींनीं भूतकाळाचेही भाग पाडले. सामान्य भूताला लुङ्, आजच्या दिवसापूर्वींच्या भूताला लङ्, आणि बोलणारानें स्वतः न पाहिलेल्या भूताला लिट्. ही शेवटची सोय मराठीजवळ उरली नाहीं. तिची उणीव कोठें भासते तें पुढें येईलच.

आतां शिर्डीकडे वळूं. गोविंद रघुनाथ दाभोलकर, ज्यांना साईबाबांनीं हेमाडपंत हें नांव दिलें, हे वांद्र्यास मॅजिस्ट्रेट होते. साक्षीदाराचा शब्द तोलून लिहून घेणें हा त्यांचा पेशा. १९१० सालीं ते प्रथम शिर्डीस गेले, आणि पुढें त्यांनीं लिहिलेल्या श्रीसाईसच्चरिताचा पहिलाच अध्याय एका सकाळच्या जात्याभोंवतीं फिरतो. बाबांनीं मशिदींत गोणपाट पसरलें, त्यावर जातें मांडलें, सुपांत गहूं घेतले, कफनीच्या बाह्या मागें सारल्या, खुंटा ठोकला, आणि ते दळूं लागले. 'पसरलें, मांडलें, घेतले, ठोकला' या झपझप पुऱ्या होणाऱ्या क्रिया. त्यांत विचार करावयास सवड नाहीं. 'दळूं लागले' येथें गोष्ट थबकते. बाबा दळीत होते आणि पाहणारे कोड्यांत पडले होते. भिक्षेवर राहणारा फकीर. त्याला घर नाहीं, संसार नाहीं, उद्यांसाठीं सांठवण नाहीं. त्याला पीठ कशाला हवें? विचारण्याचा धीर कोणास होईना. इतक्यांत गांवांतल्या चार बायका धांवत आल्या, बाबांचा हात बाजूस सारून त्यांनीं खुंटा धरला, गाणीं म्हणत म्हणत दळण पुरें केलें; आणि दळतां दळतां त्यांच्या मनानें घेतलें कीं बाबांना या पिठाचा काय उपयोग, तें आपल्यालाच देतील. पिठाचे चार वांटेही झाले. तोंच बाबा रागावले आणि पीठ गांवच्या शिवेवर ओढ्याकांठीं नेऊन टाकावयास त्यांनीं सांगितलें. गांवांत महामारीची साथ होती. तिच्या निवारणासाठीं तें दळण होतें, असें दाभोलकरांना गांवकऱ्यांकडून कळलें.

या गोष्टीचा सारा जीव 'दळीत होते' या अपुऱ्या क्रियेंत आहे. क्रिया चालू आहे तोंवर तिचा शेवट कोणाच्या मालकीचा नाहीं. म्हणून दाभोलकरांनीं तेथें एक प्रश्न पाहिला, बायकांनीं चार घरचीं पिठाचीं डबडीं पाहिलीं, आणि बाबांच्या मनांत शीव होती. मॅडन व झ्वान यांच्या वाचकांची एका चित्रावर एकवाक्यता होईना, तसेंच हें. 'बाबांनीं पीठ दळलें आणि शिवेवर टाकविलें' अशी सुरुवात केली असती तर बातमी राहिली असती, पण ग्रंथ लिहावा अशी प्रेरणा दाभोलकरांना त्या सकाळीं झाली ती झाली असती काय, याची शंकाच आहे.

मराठीनें येथें आणखी एक खुबी ठेवली आहे. ती हिंदी-गुजरातींत आहे. इंग्रजींत अथवा डचांत नाहीं. 'बाबा गहूं दळीत होते' या वाक्यांत क्रियापद बाबांच्या मागें चालतें. बायका असत्या तर 'दळीत होत्या' झालें असतें. आतां क्रिया पुरी करून पाहा: 'बाबांनीं गहूं दळले', 'बाबांनीं ज्वारी दळली', 'बाबांनीं पीठ दळलें'. काम संपतांच क्रियापदानें कर्त्याची संगत सोडली आणि तें धान्याच्या मागें लागलें. बाबा 'नीं' लावून वाक्याच्या एका बाजूस बसले. व्याकरणकार यास कर्तरि व कर्मणि प्रयोग म्हणतात आणि मुलांकडून तक्ते पाठ करवून घेतात. पण काम चाललें असतां माणूस दिसतो आणि झाल्यावर वस्तु दिसते, ही गोष्ट तक्त्यांत कोठेंच लिहिलेली नसते.

शिर्डीचें एकच वास्तव्य दोन तऱ्हेच्या क्रियापदांनीं लिहिलेलें आपल्यापुढें आहे, हें आपलें भाग्य. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, लोकमान्यांचे निकटचे सहकारी, डिसेंबर १९११ पासून मार्च १९१२ पर्यंत शिर्डीस राहिले होते. ते रोजनिशी इंग्रजींत लिहीत. त्या रोजनिशींत साईमहाराज बाहेर जातांना पाहिले आणि परत आल्यावर पुन्हां पाहिले, ही नोंद थोड्याफार फरकानें पानोपानीं येते. वाचणारास कंटाळा येतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. चरित्रकार हेंच एका दमांत सांगतो: बाबा सकाळीं लेंडीकडे जात आणि परत येत, एकाआड एक रात्र चावडींत निजत. एका रीतिभूतकाळानें रोजनिशीच्या साऱ्या ओळी गिळून टाकल्या. त्यानें आपल्याला एक स्थिर मूर्ति मिळाली, तिचें दर्शन केव्हांही घ्यावें. मात्र ज्या दिवशीं महाराज प्रसन्न दिसले आणि ज्या दिवशीं ते रागावलेले होते, ते वेगवेगळे दिवस खापर्ड्यांच्या वहींतच राहिले.

ओव्यांत तर ही मूर्ति अधिकच पक्की होते. 'बसे, जाई, करी, म्हणे' हीं रूपें आपल्या आजच्या गद्यांत रीतिभूतकाळाचीं आहेत. ज्ञानेश्वरांच्या मराठींत तीं वर्तमानकाळाचीं होतीं. ज्ञानेश्वरी याच जिल्ह्यांत, नेवाशास, शके १२१२ मध्यें सांगितली गेली. पुढें 'बसतो, जातो' या रूपांनीं वर्तमानाची जागा घेतली आणि जुनीं रूपें मागें सरून गतकाळच्या नित्यक्रमाचीं झालीं. ओवी लिहिणारांनीं मात्र जुना वापर टाकला नाहीं. यामुळें ओवींत 'धुनीपाशीं बसे' असें आलें, तर 'बसत असत' हाही अर्थ होतो आणि 'बसतात' हाही होतो. सप्ताहाचें पारायण करणाऱ्या आजींना यांपैकीं तुम्ही कोणता अर्थ घेतां असें विचारून पाहावें. प्रश्नच त्यांना चमत्कारिक वाटेल.

बाबांनीं १९१८ सालीं विजयादशमीस देह ठेवला. दाभोलकर १९२९ सालीं वारले. ग्रंथाची अवतरणिका त्यांच्या पश्चात् दुसऱ्या भक्तानें रचून जोडली. १९३६ सालीं नरसिंहस्वामींनीं, बाबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गांठून त्यांचे अनुभव लिहून घेतले. त्या वेळीं 'बाबा इथं बसायचे' असें म्हणणारा मनुष्य डोळ्यांनीं पाहिलेलें सांगत होता. आज द्वारकामाईंत धुनी पेटती आहे, जातें जपून ठेवलेलें आहे, आणि यात्रेकरूस तेंच वाक्य ऐकूं येतें, "बाबा इथं बसायचे." सांगणारा हा पाहणाऱ्याचा नातू किंवा पणतू. संस्कृतांत त्याला लिट् योजावा लागला असता आणि आपण पाहिलें नाहीं हें क्रियापदानेंच कबूल केलें असतें. मराठींत तशी सक्ती नाहीं. आपल्याजवळ त्यासाठीं एक सुटा शब्द आहे, 'म्हणे'. रूप त्याच जुन्या ठशाचें. "बाबा म्हणे इथं बसायचे" असें म्हणून पाहा. एका शब्दानें ऐकणाराचे जोडलेले हात सैल पडतात. शिर्डीचा मनुष्य तो शब्द घालीत नाहीं. यांत लबाडी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आजोबांकडून त्याला तें वाक्य रूपासकट वारशानें आलेलें आहे, आणि साक्षीदार गेला तरी साक्षीदाराचें क्रियापद घरांत राहिलें आहे.

असे वारसे शिर्डीसच असतात असें नाहीं. मोठ्या कुटुंबांत एखादे आजोबा पन्नास वर्षांत एकदां ताट भिरकावून उठले होते. मुलांनीं ती गोष्ट नातवंडांना सांगितली, नातवंडांनीं पुढें सांगितली, आणि तिसऱ्या पिढीस ऐकूं येतें तें असें: "आजोबा फार तापट, ताट भिरकावून देत." एका दुपारचा राग क्रियापद बदलतांच जन्माचा स्वभाव झाला. नव्या सुनेच्या हातून एकदां दूध उतूं 'गेलें' आणि शेजारीं जाईपर्यंत तें उतूं 'जातें' असें झालें, हा अनुभव तर पुष्कळ घरांचा असेल. याच्या उलट प्रकार अधिक वाईट. जी बाई चाळीस वर्षें सर्वांच्या आधीं उठली आणि सर्वांच्या मागून जेवली, तिच्याबद्दल तेराव्या दिवशीं म्हणतात, "तिनें घराचें सारें केलें." चाळीस वर्षें एका शब्दांत उरकतात, आणि क्रियापद तिच्या मागें न जातां 'सारें' या शब्दाच्या मागें जातें. ती उठे, सडा घाली, देवाचीं उपकरणीं घांशी, दोघां दिरांचे डबे भरी, असें कोणी सांगितलें तर ती अजून उठतांना दिसेल. ज्या घरांत कुळाचा इतिहास लिहून ठेवण्याचें चाललें आहे, तेथील तरुणांनीं वडील मंडळींना 'काय झालें' एवढेंच विचारूं नये. 'एकदां कीं नेहमीं?' आणि 'आपण पाहिलें कीं ऐकलें?' हेंही विचारावें. उत्तर देतांना पुष्कळ वेळां तीं मंडळी थांबतात, आणि त्या थांबण्यांत मूळ दिवस परत सांपडतो.

परभाषेंत जातांना या रूपांचें काय होतें, तें शेवटीं सांगण्यासारखें आहे. नागेश वासुदेव गुणाजी यांनीं श्रीसाईसच्चरित इंग्रजींत आणलें. इंग्रजींत 'दळीत होते' याला तोड मिळते, पण बसण्याला मिळत नाहीं. दळणारा बसलेला कीं उभा हें निराळ्या शब्दांत सांगावें लागतें, आणि ज्या वाचकानें जातें पाहिलेलें नाहीं त्याच्यापुढें एखादी गिरणीच उभी राहण्याची भीति. हीच सकाळ कोणी डच भाषेंत सांगावयास घेतली तर त्याला 'झिट ते मालन' म्हणतां येईल. दळीत बसला आहे. गोणपाट, मांडी घातलेला फकीर, पुढ्यांत जातें, आणि पाळूच्या कडेनें पीठ अजून पडतें आहे.